टू-जी ते सिक्स-जी: नवा फोन, नवं सिम घेण्याआधी सोलापूरकरांनी करून बघायच्या गोष्टी

मागच्या उन्हाळ्यात मामानं नवा फोन घेतला. डब्यावर ठळक अक्षरांत ५जी. जुळे सोलापुरात घरी असला की फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसायचं. अशोक चौकाजवळच्या त्याच्या टॉवेलच्या कारखान्यात पाय टाकला की ४जी, आणि पत्र्याच्या शेडमध्ये शेवटच्या मागापर्यंत गेलं की तेही कधी असायचं, कधी नसायचं. "पैसे ५जीचे घेतले की रे ह्यांनी," हे मामाचं पालुपद. शेवटी एका रविवारी माग बंद असताना मी तो फोन हातात घेऊन दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चाललो आणि दर पाच-सहा पावलांवर आकडे लिहून घेतले. फोन खोटा नव्हता आणि कंपनीही खोटं बोलत नव्हती. आम्ही फक्त चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'किती जी?' याच्याआधी 'मी उभा आहे तिथं कुठली लहर पोचते, आणि माझा फोन ती पकडतो का?' हे विचारायला हवं होतं.

पहिलाच स्मार्टफोन घेणाऱ्यांसाठी, किंवा ४जीवरून ५जीवर जावं का या विचारात असणाऱ्यांसाठी, तो सगळा उद्योग इथं क्रमानं मांडतो.

पायरी १: 'जी' म्हणजे काय ते एकदा समजून घ्या

जी म्हणजे जनरेशन, पिढी. साधारण दर दहा वर्षांनी मोबाइलच्या तंत्राची एक पिढी बदलते. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. ते २जी. बोलणं आणि एसएमएस एवढंच त्याचं मुख्य काम, इंटरनेट नावापुरतं. ३जी आधी सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये आणलं. ४जी २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, पण तुमच्या-माझ्या हातात ते खऱ्या अर्थानं सप्टेंबर २०१६ नंतर आलं, जिओ बाजारात उतरल्यावर. ५जीचा नारळ फुटला १ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिल्लीत.

आज यातलं काय उरलंय? ३जी बऱ्याच ठिकाणी आवरून घेतलंय. २जी मात्र एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलकडे अजून आहे, कारण बटणांचे जुने फोन त्याच्यावरच बोलतात. जिओकडे २जी आणि ३जी कधी नव्हतंच. त्यामुळं आजीच्या जुन्या २जी बटणफोनमध्ये जिओचं सिम टाकलं तर फोन मुका राहणार. आजीला फक्त बोलायचं असेल तर डेटा नसलेलं, नुसत्या कॉल आणि एसएमएसचं रिचार्जही मिळतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियमच केला, कंपन्यांना असा पर्याय ठेवावाच लागतो. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

एक गोंधळ इथंच मिटवू. घरच्या राऊटरच्या नावापुढं '५जी' लिहिलेलं दिसतं, ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. तसंच 'वायफाय ६' म्हणजे ६जी नव्हे. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच.

पायरी २: तुम्हाला वेग लागतो किती, ते मोजा

५जीनं काय जमवून दाखवावं याचे निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ठरवले. त्यात कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट. जाहिरातवाल्यांचा लाडका आकडा हाच. पण तो आदर्श परिस्थितीतला. त्याच कागदावर सर्वसाधारण वापरणाऱ्याला मिळायला हवा तो वेग आहे १०० मेगाबिट. ४जीच्या वेळी कमाल वेगाचं उद्दिष्ट १ गिगाबिट होतं, आणि तुम्हाला आठवतच असेल तेव्हा हातात काय पडायचं.

आता बिट आणि बाइटमधला फरक. वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये असते, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या वेगानं १ जीबीचा सिनेमा उतरायला साधारण ८० सेकंद लागतात, १० सेकंद नव्हे. २० मेगाबिट मिळत असतील तर पावणेसात मिनिटं.

आणि रोजच्या कामाला लागतं किती? यूपीआयचा व्यवहार म्हणजे अगदी चिमूटभर डेटा. व्हिडिओ कॉलला दोन-तीन मेगाबिट पुरतात, स्वच्छ व्हिडिओ बघायला पाच-सात. म्हणजे धड चालणारं ४जी एकट्या माणसाला पुरून उरतं. माझं स्पष्ट मत आहे की रिकाम्या गल्लीत रात्री दहा वाजता ४जी आणि ५जीतला फरक फक्त स्पीड टेस्टवाल्या ॲपलाच कळतो.

फरक कळतो तो गर्दीत. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे तिथल्या जत्रेत, जाऊन बघा. मी तिथं पुतणीसाठी खेळणं घेतलं, क्यूआर कोड स्कॅन केला. फोनवर चारही दांड्या भरलेल्या, आणि पडद्यावर गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. विकणारा म्हणाला, "रोख द्या ओ, नेट पण गड्डा बघायला गेलंय." दांड्या भरलेल्या असून पैसे का जात नाहीत? दांड्या फक्त टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा येतो तेवढंच सांगतात. टॉवरपुढं रांग किती लांब आहे ते सांगत नाहीत. शिवाय टॉवर मोठ्यानं बोलू शकतो, आपला फोन जेमतेम पाव वॅटच्या आतल्या ताकदीनं उत्तर देतो. हजारो फोन एकाच वेळी पुटपुटायला लागले की टॉवरला कोणाचंच धड ऐकू येत नाही.

५जीचा खरा उपयोग इथं. ४जीची एक वाहिनी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असते, ५जीची मधल्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झपर्यंत. नवी पेठेतल्या बोळाशेजारी पाचपट रुंद रस्ता काढल्यासारखं. वर ५जीच्या टॉवरवरच्या पेटीत ३२ किंवा ६४ अँटेना असतात, त्या सगळीकडे सारखं ओतण्याऐवजी ज्याला हवं त्याच्या दिशेनं झोत टाकतात. म्हणून गड्ड्यात, आषाढीला पंढरपुरात, स्टँडवर संध्याकाळी ५जी चालू ठेवा. दर चौरस किलोमीटरला १० लाख उपकरणं सांभाळणं हाही ५जीच्या निकषांतलाच एक. अर्थात त्यातली बहुतेक मीटर आणि सेन्सरसारखी, अधूनमधून एक शब्द बोलणारी. गड्ड्यात व्हिडिओ कॉल लावणारी माणसं नव्हेत!

पायरी ३: लहर किती लांब, ते बघा

मामाच्या शेडचं कोडं इथं सुटतं, म्हणून जरा थांबून वाचा.

९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे फूटभर. भारतात ५जी मुख्यतः ज्या ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तिथं ती आठ-नऊ सेंटिमीटर. ५जीसाठीच विकलेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर सेंटिमीटरहून थोडी जास्त. ढोबळ नियम असा: लांब लहर दूर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते, पण अंगावर माल कमी नेते. आखूड लहरीच्या पट्ट्यात जागा भरपूर, म्हणून माल भरपूर, पण ती भिंतीला, झाडाच्या पानाला, अगदी हाताच्या पंजालाही अडते. पत्र्यापुढं कोणाचंच फारसं चालत नाही. लोखंडी पत्रा लहर परतवून लावतो, मग आत शिरते ती दारा-खिडकीतून आणि फटींतून. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फूट जाड दगडी भिंतींचंही थोड्याफार फरकानं तेच.

२०२२च्या लिलावात कंपन्यांनी वेगवेगळे पट्टे घेतले. मधला, ३.३ गिगाहर्ट्झचा (म्हणजे वरचाच ३३०० मेगाहर्ट्झचा) पट्टा जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघांनी घेतला. त्याचं तांत्रिक नाव एन७८. लांब लहरीचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे एन२८, एकट्या जिओनं घेतला. ५जी उभारण्याच्या पद्धतीही दोन. जिओनं सुरुवातीपासून ५जी स्वतंत्र उभं केलं. एअरटेलनं ते आधी ४जीच्या खांद्यावर बसवलं. व्हीआयचं ५जी मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरू झालं. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जीचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, तेव्हा त्याचे टॉवर सुमारे ९७,५०० होते.

खांद्यावर बसवलेल्या ५जीची एक गंमत आहे. कोपऱ्यातलं ५जी हे चिन्ह कधी कधी एवढंच सांगतं की जवळच्या टॉवरवर ५जीची सोय आहे. त्या क्षणी तुमचा डेटा ४जीवरूनच येत असू शकतो. आणि कॉल लागल्यावर ५जी जाऊन ४जी दिसायला लागलं तर घाबरू नका. बऱ्याच ठिकाणी आवाजाचा कॉल अजून ४जीवरूनच जातो.

पायरी ४: ६जीसाठी थांबायचं का?

नाही. याला एवढं उत्तर खरं तर पुरे, पण लोक विचारतात म्हणून थोडं सांगतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं ६जीचा आराखडा नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. त्याच्या नावातच २०३० आहे: आयएमटी-२०३०. प्रत्यक्ष सेवा त्या वर्षाच्या सुमारास धरून चाला. भारत सरकारनंही मार्च २०२३ मध्ये आपलं ६जीचं धोरणपत्र काढलं, त्यातही लक्ष्य २०३०चंच. आराखड्यात संशोधनासाठी ५० ते २०० गिगाबिटचे कमाल वेग धरलेत. ५जीत संदेश पोचायला सर्वांत कमी उशीर १ मिलिसेकंदाचा मागितला होता, इथं तो त्याच्या दहाव्या भागापर्यंत आणायचा विचार आहे.

मला जास्त कुतूहल आहे ते दुसऱ्या दोन गोष्टींचं. एक, टॉवरनं रडारसारखं काम करणं: त्याच लहरींनी समोर काय आहे, किती वेगानं हलतंय ते ओळखणं. दुसरी, उपग्रह आणि जमिनीवरचे टॉवर एकाच जाळ्यात गुंफणं. करमाळ्याकडच्या, उजनीच्या काठाच्या वस्त्यांना वेगापेक्षा हेच जास्त कामाला येईल. १०० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींचे प्रयोगही चालू आहेत. तिथं लहर ३ मिलिमीटरच्याही आत येते, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या दाण्याहून बारीक. पत्र्याच्या शेडमध्ये ती काय करेल ते तुम्हीच ताडा.

मधल्या काळात '५.५जी' हे नाव ऐकू येईल. ते ५जीचंच सुधारलेलं रूप, त्याची पहिली मानकं २०२४ मध्ये पूर्ण झाली. पण आज कोणी '६जी फोन' विकत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. आणि "तुमचं सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर बोलत बसू नका, ठेवून द्या. जिओ आणि एअरटेलची ४जी सिमं ५जी फोनमध्ये तशीच चालतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी ५: फोन तपासा, डबा नव्हे

डब्यावर ५जी लिहिलेलं असणं आणि आपल्याकडची ५जी लहर फोनला पकडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. २०२०-२१च्या सुमारास आलेल्या काही ५जी फोनांत ५जीचा एकच बँड, म्हणजे लहरींचा एकच पट्टा, आहे. परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या बाजारातल्या फोनांत तर आपल्याकडचे बँड असतीलच असं नाही. माझ्या एका मित्रानं असाच परदेशी, वापरलेला फोन घेतला. दुकानदारानं छातीठोकपणे ५जी म्हणून सांगितलं होतं. फोन फर्स्ट क्लास, कॅमेरा झकास, ५जी मात्र आजवर एकदाही दिसलेलं नाही.

म्हणून दुकानात उभं राहूनच मॉडेलचं पूर्ण नाव बघा, कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच्या बँडची यादी काढा आणि दोन नावं शोधा: एन७८ आणि एन२८. पहिलं हवंच. दुसरं असेल तर उत्तम, आणि जिओचं सिम असेल तर तेही हवंच. ४जीचे ३, ५, ८ आणि ४० हे बँडही असू द्या. वापरलेला फोन असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून बघा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथं कळतं.

फोन घरी आला की सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कच्या पसंतीत ५जी निवडलंय का ते बघा. काही फोन ४जीवर ठेवलेले असतात. व्होल्टे, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, चालू करा. वायफाय कॉलिंग दिसलं तर तेही करा, पुढं लागणार आहे.

आणि आपल्याकडचा एक खास मुद्दा: ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की फोन आधीच तापलेला असतो. त्यात ५जीचा संकेत अशक्त असेल तर फोन सतत ५जी-४जी असा उड्या मारतो, बॅटरी उतरते, अंग आणखी तापतं, आणि मग तो स्वतःला वाचवायला आपणहून ४जीवर येतो. दुपारच्या उन्हात फिरतीचं काम असेल तर मी सरळ ४जीवर ठेवून देतो.

पायरी ६: जागा चालून बघा

ही पायरी कोणी करत नाही, आणि सगळ्यांत उपयोगी हीच. खर्च शून्य.

आधी कंपन्यांच्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा बघा. ट्रायच्या नियमानुसार तो त्यांना ठेवावाच लागतो. गल्लीपर्यंत मोठा करून बघता येतो, पण भिंतीच्या आत काय होतं ते त्यात दिसत नाही. म्हणून चालायचं. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबा, बऱ्याच फोनांत फोनच्या माहितीचं पान उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून कॉल करा. त्यात आरएसआरपी नावाचा उणे आकडा शोधा, टॉवरचा संकेत किती जोरात येतो ते तो सांगतो. उणे ८०च्या आसपास म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११०च्या खाली गेलं की रडगाणं सुरू. उणे आकडे असल्यामुळं ९५ हे ११५ पेक्षा चांगलं, एवढं ध्यानात ठेवा.

मामाच्या कारखान्यात आमच्या वहीत हे आलं: रस्त्यावर ५जी, उणे ९४. दारात उणे १०३. चार पावलं आत, फोन ४जीवर आला, उणे १०१. मधल्या मागांपाशी उणे १०९. मागच्या भिंतीला उणे ११८, आणि तिथून लावलेला कॉल दोनदा तुटला. मग त्याच जागी माझं दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच्या फोनमध्ये टाकलं. लांब लहरीचं ४जी, उणे १०५. पिढी जुनी, तरी कॉल धड लागला.

म्हणजे मामाची अडचण ५जी नसण्याची नव्हतीच, पत्र्याची होती. त्यानं पुढं काय केलं? दारालगतच्या ऑफिसात तारेचं ब्रॉडबँड घेतलं, शेडच्या मध्यात एक वायफायचा डबा टांगला आणि वायफाय कॉलिंग चालू केलं. आता कॉल मोबाइलच्या टॉवरवरून न जाता वायफायवरून जातो, टॉवेलांचे फोटो व्यापाऱ्याला झटक्यात पोचतात. तार ओढणं शक्य नसेल तिथं छतावर ५जीचा रिसीव्हर बसवून घरात वायफाय देणारी जोडणीही मिळते. रिसीव्हर पत्र्याच्या वर असतो, लहर आत शिरायचा प्रश्नच येत नाही. घेण्याआधी छतावर जाऊन हाच आरएसआरपीचा आकडा बघा.

तुम्ही किमान चार जागा तपासा: झोपायची खोली, कामाची जागा, रोजचा रस्ता आणि गावाकडचं घर. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सात-आठला एकदा. आरएसआरपी सारखाच राहून संध्याकाळी वेग पडत असेल तर ती टॉवरवरची गर्दी. तिथं ५जी फोन घेण्यात अर्थ आहे. आकडाच खराब असेल तर आधी कंपनी बदलून बघा, फोन नंतर.

पायरी ७: सिम बदलायचं ठरलं तर

आधी त्या कंपनीचं सिम शेजाऱ्याकडून, मित्राकडून अर्धा तास मागून आपल्या फोनमध्ये टाका आणि वरच्या चार जागा पुन्हा चाला. प्लॅनही बघा. अमर्याद ५जी डेटा सगळ्या रिचार्जवर मिळत नाही, ठराविक प्लॅनवरच मिळतो. स्वस्तातलं रिचार्ज मारून ५जीवर व्हिडिओ बघत बसलात तर रोजचा कोटा चहा व्हायच्या आत संपेल.

मग आहे तोच नंबर ठेवून पोर्ट करा. एसएमएसमध्ये इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, आणि १९०० वर पाठवायचं. उत्तरात आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेलं असेल तर कोड मिळत नाही. प्रीपेडमधली शिल्लक पुढं येत नाही, म्हणून मोठं रिचार्ज मारल्याच्या दुसऱ्या दिवशी पोर्टला बसू नका. पुणे आणि सोलापूर एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, येतात, तीन कामाच्या दिवसांत काम होतं. मुंबईचं सर्कल वेगळं, मुंबईचा नंबर इकडच्या सर्कलमध्ये आणायचा तर पाच.

बदल होताना काही तास फोन बंद राहतो, ओटीपी येत नाहीत. विजेचं बिल, बँकेचा हप्ता असलं काही त्या दिवशी ठेवू नका, आणि खिशात थोडी रोख असू द्या.